व्हर्च्युअल रिॲलिटीच्या डोमेनमध्ये गुंतवणूक : नाव निवडण्यापासून विकण्यापर्यंत

ठाणे-नवी मुंबईतील ऐरोली, महापे किंवा वागळे इस्टेटमध्ये आयटीची नोकरी करणाऱ्या आणि हाताशी थोडीफार शिल्लक असलेल्या माणसाच्या मनात हा विचार कधी ना कधी येतोच, की उद्या गाजणाऱ्या एखाद्या शब्दाचे डोमेन, म्हणजे संकेतस्थळाचा पत्ता, आजच हजार-दीड हजार रुपयांत घेऊन ठेवावे आणि काही वर्षांनी गरजू कंपनीला लाखांत विकावे. विचारात गैर काही नाही, कारण असे व्यवहार खरोखर होतात. ‘व्हॉइस डॉट कॉम’ हे नाव मायक्रोस्ट्रॅटेजी या कंपनीने २०१९ मध्ये ३ कोटी डॉलरला विकले होते. मात्र बातमी नेहमी विकल्या गेलेल्या नावाची होते, दरवर्षी पैसे भरून नुसत्याच सांभाळलेल्या हजारो नावांची होत नाही.

व्हर्च्युअल रिॲलिटी, म्हणजे डोळ्यांवर हेडसेट चढवून आभासी जगात वावरण्याचे तंत्रज्ञान, व्यवहारात ज्याला सगळे व्हीआर म्हणतात, त्या क्षेत्रातील नावांबाबत माझे मत आधीच सांगून टाकतो. तंत्रज्ञानाचा प्रसार होणे आणि त्या तंत्रज्ञानाच्या नावाला भाव येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि व्हीआरच्या बाबतीत दुसरी पहिलीपेक्षा कितीतरी बेभरवशाची आहे. म्हणून पैसे लावायचेच असतील तर तंत्रज्ञानाच्या नावापेक्षा त्यातून होणाऱ्या कामाच्या नावावर लावावेत. पुढील सर्व पायऱ्या याच धोरणाने लिहिल्या आहेत.

पहिली पायरी : तंत्रज्ञान आज कुठे आहे ते पाहावे

डोक्यावर घालायच्या पडद्याचा पहिला गाजलेला प्रयोग संगणकशास्त्रज्ञ इव्हान सदरलँड यांनी १९६८ मध्ये केला. ‘व्हर्च्युअल रिॲलिटी’ हा शब्दप्रयोग १९८० च्या दशकात जॅरन लॅनियर आणि त्यांच्या व्हीपीएल रिसर्च या कंपनीमुळे रूढ झाला. निन्टेन्डोने १९९५ मध्ये ‘व्हर्च्युअल बॉय’ बाजारात आणला आणि वर्षभरात गुंडाळला. त्यानंतर बरीच वर्षे या विषयाकडे कोणी फारसे फिरकले नाही. २०१२ मध्ये हेडसेट बनवणाऱ्या ऑक्युलसने किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या संकेतस्थळावर सुमारे २४ लाख डॉलर उभे केले, मार्च २०१४ मध्ये फेसबुकने ती कंपनी सुमारे २ अब्ज डॉलरला घेण्याची घोषणा केली आणि २०१६ मध्ये रिफ्ट, व्हाइव्ह व प्लेस्टेशन व्हीआर हे तिन्ही हेडसेट एकाच वर्षी दुकानांत आले. त्याच सुमारास ‘व्हीआर’ जोडलेल्या नावांवर लोकांच्या उड्या पडू लागल्या.

पुढे जे झाले ते गुंतवणूकदाराने नीट अभ्यासावे. गूगलने २०१६ मध्ये आणलेले ‘डेड्रीम’ हे व्हीआर व्यासपीठ २०१९ मध्ये थांबवले. ऑक्टोबर २०२१ मध्ये फेसबुकने स्वतःचे नाव ‘मेटा’ केले आणि रातोरात ‘मेटाव्हर्स’ (सगळ्यांनी मिळून वावरायचे आभासी जग) हा शब्द असलेली डोमेन लोक घाऊक भावात घेऊ लागले. दीड वर्षही झाले नाही तोच, मार्च २०२३ मध्ये, मायक्रोसॉफ्टने ‘ऑल्टस्पेस व्हीआर’ हे आभासी भेटीगाठींचे व्यासपीठ बंद केले. फेब्रुवारी २०२४ मध्ये ॲपलने ३,४९९ डॉलरचा ‘व्हिजन प्रो’ हेडसेट विक्रीस आणला, तेव्हा ॲप बनवणाऱ्यांना दिलेल्या सूचनांत आपल्या ॲपचे वर्णन व्हीआर, एआर (खऱ्या दृश्यावर आभासी चित्र) किंवा एक्सआर (या सगळ्यांचे एकत्रित नाव) असे करू नये, ‘स्पेशियल कॉम्प्युटिंग’ म्हणावे, असे लिहिले होते. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये गूगलने सॅमसंगबरोबर ‘अँड्रॉइड एक्सआर’ ही हेडसेटसाठीची प्रणाली जाहीर केली. एकाच प्रकारच्या यंत्राला जगातल्या बड्या कंपन्या चार वेगवेगळ्या नावांनी हाक मारत आहेत आणि दर दोन-तीन वर्षांनी ती हाकही बदलते आहे. आपल्याकडे शासकीय कागदपत्रांत ‘एव्हीजीसी-एक्सआर’ (ॲनिमेशन, दृश्य परिणाम, गेमिंग, कॉमिक्स आणि एक्सआर) हा शब्द रुळला आहे आणि महाराष्ट्र मंत्रिमंडळाने २०२५ मध्ये मंजूर केलेले धोरणही त्याच नावाचे आहे. तिथेही व्हीआर हे अक्षर वेगळे दिसत नाही.

तंत्रज्ञान बुडाले आहे, असा याचा अर्थ काढू नये. मेटाच्या रिॲलिटी लॅब्स या विभागाचा परिचालन तोटा २०२२ मध्ये १३.७ अब्ज, २०२३ मध्ये १६.१ अब्ज आणि २०२४ मध्ये १७.७ अब्ज डॉलर होता. एवढा तोटा सोसून कंपनी या क्षेत्रात टिकून राहिली, ही बाब जितकी आशादायक तितकीच सावध करणारी आहे. अडचणी सगळ्यांना ठाऊक आहेत : मेटाच्या ‘क्वेस्ट ३’ सारखा हेडसेट सुमारे अर्धा किलो वजनाचा असतो, डोके हलल्यापासून चित्र बदलेपर्यंत साधारण २० मिलिसेकंदांहून अधिक वेळ गेला तर बऱ्याच जणांना गरगरू लागते, आणि मे महिन्यातल्या ठाण्याच्या उकाड्यात चेहऱ्याला घट्ट बसणारे यंत्र अर्धा तास घालून बसणे ही हौशी माणसाचीच कामे आहेत. त्यामुळे घरगुती ग्राहकाचा ओढा आता हलक्या स्मार्ट चष्म्यांकडे वळताना दिसतो.

कामाच्या ठिकाणी मात्र हे तंत्रज्ञान चांगले रुजले आहे. अमेरिकेत वॉलमार्टने २०१८ मध्ये कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी १७,००० हेडसेट घेण्याचे जाहीर केले. तेथील औषध प्रशासनाने नोव्हेंबर २०२१ मध्ये जुनाट कंबरदुखीवरील एका व्हीआर उपचारपद्धतीला परवानगी दिली. आपल्या परिसरात पाहायचे तर नवी मुंबईच्या टीटीसी औद्योगिक पट्ट्यातील रासायनिक कारखान्यांचे उदाहरण घ्यावे. वायुगळती, आग किंवा बंद टाकीत उतरणे यांचा सराव प्रत्यक्ष करून घेणे धोक्याचे आणि खर्चाचे असते, आणि तोच सराव हेडसेटमध्ये कितीही वेळा करता येतो. क्रेनचालक, विमानतळावरील कर्मचारी, शस्त्रक्रिया शिकणारे डॉक्टर यांच्या बाबतीतही कारण हेच आहे. जिथे प्रत्यक्ष चूक महाग पडते तिथे आभासी सराव स्वस्त ठरतो, त्यामुळे या मागणीला फॅशनची फारशी बाधा होत नाही.

दुसरी पायरी : नाव घेण्याआधी सांभाळण्याचा खर्च मांडावा

उलवे-पनवेल भागात ज्यांनी नवी मुंबई विमानतळाच्या आशेवर प्लॉट घेतले, त्यांना केंद्रीय मंत्रिमंडळाच्या २००७ मधील मंजुरीपासून ऑक्टोबर २०२५ मधील उद्घाटनापर्यंत अठरा वर्षे थांबावे लागले, परंतु तोवर जमीन निदान त्यांच्या नावावर होती. डोमेन असे कायमचे नावावर होत नाही. ते ठरावीक मुदतीसाठी नोंदवता येते, ‘डॉट कॉम’ एका वेळी फार तर दहा वर्षांसाठी, आणि रिन्यू केले नाही तर हातचे जाते. अठरा वर्षे थांबायचे म्हणजे अठरा वर्षांचे पैसे भरायचे.

आकडे मांडून पाहू. ‘डॉट कॉम’ची मध्यवर्ती नोंदवही व्हेरिसाइन ही कंपनी चालवते आणि तिचा रजिस्ट्रारला (ग्राहकांना नावे नोंदवून देणाऱ्या कंपनीला) आकारायचा घाऊक दर सप्टेंबर २०२४ मध्ये वर्षाला १०.२६ डॉलर झाला. त्यावर रजिस्ट्रारचा नफा आणि १८ टक्के जीएसटी धरला तर एक नाव वर्षाला साधारण १,४०० रुपयांना पडते असे मानू. पहिल्या वर्षी दिसणारा शंभर-दोनशे रुपयांचा दर ही केवळ जाहिरात असते, हिशेब नेहमी रिन्यूअलच्या दराने करावा. वीस नावे घेतली तर वर्षाला २८,००० आणि पाच वर्षांत १,४०,००० रुपये जातील.

या धंद्यात मुरलेले लोक शंभर नावांपैकी वर्षाला एखाद-दुसरे विकले जाईल असे धरून चालतात, आणि तेही चांगल्या नावांपैकी. एक टक्का धरला तर वीस नावांतून पाच वर्षांत एक नाव विकले जाईल. विक्रीच्या संकेतस्थळाचे कमिशन २० टक्के धरल्यास तेवढ्या एका नावाचे १,७५,००० रुपये यायला हवेत, तेव्हा कुठे मुद्दल सुटेल. दोन टक्के धरले तर दोन नावे, प्रत्येकी ८७,५०० रुपयांना. यात पाच वर्षांचे बुडालेले व्याज धरलेलेच नाही, ठाण्यातल्या कोणत्याही बँकेत मुदत ठेवीवर ते विनासायास मिळाले असते.

म्हणून नवख्याने पाच ते आठ नावांपलीकडे जाऊ नये असे मला वाटते. वीस बरी नावे बाळगण्यापेक्षा पाच निवडक नावे बाळगणे परवडते, कारण सुमार नावाचा रिन्यूअल दरही चांगल्या नावाएवढाच असतो.

तिसरी पायरी : शब्द गिऱ्हाइकाच्या तोंडून उचलावा

सगळे गणित या पायरीवर ठरते, त्यामुळे येथे घाई करू नये.

घोडबंदर रोडवरील एखाद्या गृहप्रकल्पाच्या विक्री कार्यालयात रविवारी दुपारी जाऊन बसावे. कोपऱ्यात एक फिरती खुर्ची असते, विक्री प्रतिनिधी हेडसेट ओल्या टिश्यूने पुसून काकूंच्या डोक्यावर चढवतो, पट्टा अंबाड्यावर अडकतो, तो सैल करून पुन्हा बसवतो, आणि अजून चौथ्या मजल्याचा स्लॅबही न पडलेल्या इमारतीतल्या चौदाव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये काकू उभ्या राहतात. त्या पहिल्यांदा ओटा शोधतात, मग ड्राय बाल्कनीत वॉशिंग मशीन मावेल का ते पाहतात, आणि काका बाजूच्या पडद्यावर तेच चित्र पाहत पार्किंगची चौकशी करतात. या अर्ध्या तासात ‘व्हर्च्युअल रिॲलिटी’ हा शब्द कोणी उच्चारत नाही. प्रतिनिधी ‘वॉकथ्रू’ म्हणतो, माहितीपत्रकावर ‘व्हर्च्युअल टूर’ छापलेले असते, काका ‘थ्रीडीमध्ये दाखवा’ म्हणतात. बिल्डरला उद्या अशी सेवा देणारी कंपनी हवी असेल तर तो शोधताना हेच शब्द टाइप करील.

म्हणजे समजा दोन नावे मोकळी मिळाली, एक ‘व्हीआर’ आणि ‘होम्स’ जोडून केलेले, दुसरे ‘फ्लॅट’ आणि ‘वॉकथ्रू’ जोडून केलेले, तर मी दुसरे घेईन. उद्या हेडसेट जाऊन चष्मे आले किंवा भिंतीवरच घर उभे करण्याची सोय झाली तरी वॉकथ्रू हा वॉकथ्रूच राहील. पहिल्या नावातली दोन अक्षरे तंत्रज्ञानाच्या एका पिढीला बांधलेली आहेत, आणि अशी हाक दर दोन-तीन वर्षांनी बदलते हे वर आलेच आहे. हाच निकष प्रशिक्षणाला लावावा : ‘सेफ्टी ड्रिल’, ‘सिम्युलेटर’, ‘इंडक्शन’ हे कारखान्यातले रोजचे शब्द आहेत. ते ‘इमर्सिव्ह’ वगैरे सादरीकरणातल्या शब्दांपेक्षा जास्त टिकाऊ ठरतील.

शब्द सुचले की त्यांची छाननी करावी. नाव फोनवरून एकदाच सांगितले तर ऐकणाऱ्याला बरोबर लिहिता येते का, हे घरातल्या व्यक्तीवर करून पाहावे. त्यात आडवी रेघ किंवा आकडा नसावा, एका शब्दाचे शेवटचे आणि दुसऱ्याचे पहिले अक्षर एकच नसावे, कारण टाइप करताना तिथे हमखास चूक होते. पंधरा रोमन अक्षरांपलीकडचे नाव सहसा सोडून द्यावे. नोकरीच्या संकेतस्थळांवरील जाहिराती चाळाव्यात आणि नवी मुंबईतल्या कंपन्या ‘व्हीआर डेव्हलपर’ मागतात, ‘एक्सआर डेव्हलपर’ मागतात की नुसते ‘युनिटी डेव्हलपर’ (युनिटी हे थ्रीडी दृश्ये बनवण्याचे सॉफ्टवेअर), ते पाहावे. गूगल ट्रेंड्सवर मागील पाच वर्षांचा आलेख काढून शब्द चढणीला आहे की उतरणीला हे तपासावे. झालेल्या विक्रीचे भाव ‘नेमबायो’ या संकेतस्थळावर पाहता येतात, तिथे आपल्या शब्दाशी मिळतीजुळती नावे कितीला गेली ते शोधावे आणि एखाद्या अपवादात्मक मोठ्या आकड्याला भुलण्याऐवजी मधल्या किमतींवर लक्ष ठेवावे. स्वयंचलित मूल्यांकन करणारी साधने जो भाव सांगतात तो करमणूक म्हणून वाचावा.

शेवटची कसोटी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. कोऱ्या कागदावर हे नाव विकत घेऊ शकतील अशा दहा खऱ्या कंपन्यांची नावे लिहून पाहावीत. ‘कोणीतरी स्टार्टअप’ हे उत्तर चालणार नाही. चौथ्या-पाचव्या नावापाशी लेखणी अडली तर ते डोमेन घेऊ नये.

चौथी पायरी : एक्स्टेंशन ठरवावे

एक्स्टेंशन म्हणजे नावातला शेवटच्या टिंबानंतरचा भाग. ‘डॉट व्हीआर’ नावाचे एक्स्टेंशन नाही, आणि ते येण्याची वाटही पाहू नये, कारण दोन रोमन अक्षरी एक्स्टेंशन देशांच्या संकेतांसाठी राखीव असतात आणि ‘व्हीआर’ हा कोणत्याही देशाचा संकेत नाही. परदेशी गिऱ्हाईक डोळ्यांसमोर असेल तर ‘डॉट कॉम’ घ्यावे. ठाणे-नवी मुंबई-पुण्यातला बिल्डर, डॉक्टर किंवा कारखाना समोर असेल तर ‘डॉट इन’ पुरेसे आहे, कारण तेच शब्द तिथे अजून मोकळे मिळतात.

‘डॉट वर्ल्ड’, ‘डॉट टेक’, ‘डॉट गेम्स’ यांसारख्या नव्या एक्स्टेंशनमध्ये चांगला शब्द मोकळा दिसला की मोह होतो, परंतु तिथे एक खाच आहे. नोंदवही चालवणारी कंपनी अशा शब्दांना ‘प्रीमियम’ ठरवते आणि काही वेळा तो चढा दर केवळ खरेदीला न राहता दरवर्षीच्या रिन्यूअललाही लागतो. पैसे भरण्याआधी रिन्यूअलचा आकडा शोधून वाचावा. ब्लॉकचेनवरची नावे साध्या ब्राउझरमध्ये थेट उघडत नाहीत, शिवाय ती एनएफटी (ब्लॉकचेनवरचा डिजिटल मालकी-दाखला) असल्याने आपल्या करकायद्यात आभासी मालमत्तेच्या ३० टक्के कराखाली येऊ शकतात आणि तिथला तोटा दुसऱ्या उत्पन्नातून वजा करता येत नाही, म्हणून ती या लेखापुरती बाजूला ठेवतो.

देवनागरी नावांविषयी नेहमी विचारणा होते. ‘डॉट भारत’ २०१४ पासून उपलब्ध आहे आणि त्यात मराठी नावे घेता येतात. हौस म्हणून स्वतःच्या व्यवसायाचे नाव जरूर घ्यावे. विक्रीसाठी मात्र आज गिऱ्हाईक विरळ आहे, त्यातून मराठीत ‘व्हीआर’ आणि हिंदीत ‘वीआर’ अशी दोन लेखने असल्याने एक घेतले तरी दुसरे मोकळेच राहते.

पाचवी पायरी : दुसऱ्याच्या ट्रेडमार्कला हात लावू नये

ऑक्युलस, क्वेस्ट, व्हाइव्ह, व्हिजन प्रो किंवा मेटा यांपैकी कोणताही शब्द व्हीआरच्या संदर्भात जोडून केलेले नाव ही गुंतवणूक होत नाही, ती नोटीस ओढवून घेण्याची तयारी असते. ‘डॉट कॉम’साठी १९९९ पासून यूडीआरपी ही तंटा निवारण पद्धत आहे. तक्रारदाराला त्यात तीन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात : नाव त्याच्या ट्रेडमार्कशी सारखे किंवा फसवे साम्य असलेले आहे, धारकाचा त्यावर रास्त हक्क नाही, आणि नाव वाईट हेतूने नोंदवले व वापरलेही गेले आहे. ‘डॉट इन’च्या आयएनडीआरपी पद्धतीत हा तिसरा निकष धारकासाठी अधिक कडक आहे, कारण तिथे वाईट हेतूने नोंदवणे किंवा वापरणे यांपैकी एक सिद्ध झाले तरी पुरते. ट्रेडमार्कच्या मालकालाच नाव चढ्या भावात विकण्याचा प्रयत्न हा दोन्हीकडे वाईट हेतूचा पुरावा धरला जातो. नाव जाते, त्यावर भरलेले पैसेही जातात.

भारतात सायबरस्क्वॉटिंगविरुद्ध, म्हणजे दुसऱ्याच्या नावाचे डोमेन अडवून ठेवण्याविरुद्ध, स्वतंत्र कायदा नाही. परंतु सत्यम इन्फोवे विरुद्ध सिफीनेट सोल्युशन्स या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्येच डोमेन नावाला व्यापारचिन्हासारखे संरक्षण मिळू शकते असे स्पष्ट केले आहे. ट्रेडमार्क नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर सार्वजनिक शोध विनामूल्य करता येतो. तिथे वर्ग ९, ४१ आणि ४२ मध्ये, म्हणजे उपकरणे व सॉफ्टवेअर, शिक्षण-मनोरंजन आणि संगणक सेवा या वर्गांत आपला शब्द तपासावा. उच्चारसाम्याचा शोधही तिथेच घेता येतो. शोधाचा स्क्रीनशॉट तारखेसह जपून ठेवावा, पुढे आपला हेतू स्वच्छ होता हे दाखवायला तो उपयोगी पडतो.

नाव पूर्वी कोणी वापरलेले असेल तर इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर त्याची जुनी पाने उघडून पाहावीत. जुगार किंवा बनावट औषधांच्या जाहिराती दिसल्या तर तो शब्द कितीही गोड असला तरी सोडावा.

सहावी पायरी : नोंदणी आणि राखण

नोंदणी दहा मिनिटांत होते, तिच्यावर लिहिण्यासारखे फार नाही. डोमेन व्यवस्थेची जागतिक संस्था आयकॅन हिची मान्यता असलेला रजिस्ट्रार निवडावा, नाव स्वतःच्या खऱ्या नावपत्त्यावर घ्यावे आणि खात्याला दुहेरी पडताळणी लावावी. वेबसाइट बनवणाऱ्या ओळखीच्या मुलाच्या खात्यात डोमेन ठेवू नये. नव्या नोंदणीनंतर साधारण ६० दिवस दुसऱ्या रजिस्ट्रारकडे ट्रान्सफर अडवले जाऊ शकते, हे गिऱ्हाइकाला तारीख देताना ध्यानात ठेवावे.

खरी जोखीम रिन्यूअलमध्ये आहे, आणि ती भारतीय धारकाच्या वाट्याला जरा जास्तच येते. रिझर्व्ह बँकेचे ई-मँडेटचे नियम ऑक्टोबर २०२१ पासून लागू झाल्यावर परदेशी रजिस्ट्रारला आपल्या कार्डावरून आपोआप पैसे कापून घेणे अनेकदा जमत नाही. खात्यात ‘ऑटो-रिन्यू’चे हिरवे चिन्ह दिसत राहते, तारखेला व्यवहार नाकारला जातो, आणि त्याची सूचना देणारा ईमेल जाहिरातींच्या ढिगात पडून राहतो. यावर उपाय दोन : रजिस्ट्रारच्या खात्यात आधीच रक्कम भरून ठेवणे, किंवा चांगले नाव एकदम तीन ते पाच वर्षांसाठी रिन्यू करणे.

मुदत हुकलीच तर ‘डॉट कॉम’च्या बाबतीत काय होते तेही माहीत असावे. रजिस्ट्रारच्या धोरणानुसार काही दिवस, जास्तीत जास्त ४५, साध्या दराने नाव परत घेता येते, मात्र काही रजिस्ट्रार त्या काळातच ते लिलावाला काढतात. त्यानंतर ३० दिवसांचा रिडेम्प्शनचा काळ असतो आणि त्यात नाव सोडवायला मूळ दराच्या कितीतरी पट रक्कम लागते. त्यापुढे ५ दिवसांनी नाव पुसले जाते आणि ते झडप घालायला टपलेल्या यंत्रणांच्या हाती पडते.

सातवी पायरी : विक्री

मे २०१८ मध्ये युरोपचा जीडीपीआर हा खासगी माहितीच्या संरक्षणाचा कायदा लागू झाल्यापासून बहुतेक नावांच्या धारकाची माहिती सार्वजनिक नोंदीत झाकलेली असते. म्हणजे गिऱ्हाईक आपल्याला शोधू पाहत असले तरी त्याला आपण सापडत नाही. यासाठी नावावर एक साधे पान लावावे, त्यावर नाव विक्रीस आहे एवढे वाक्य, किंमत आणि संपर्काचा अर्ज असावा. किंमत लिहावी की ‘ऑफर द्या’ म्हणावे, यावर मतभेद आहेत. दोन लाखांच्या आतल्या नावाला किंमत लिहिलेली बरी, कारण लहान कंपनीचा मालक घासाघीस सुरू करण्याआधीच कंटाळून दुसरे नाव घेतो. सेडो किंवा आफ्टर्निक यांसारख्या बाजारपेठांवर नाव चढवावे. विक्री तिथून झाली तर कमिशन साधारण १० ते २५ टक्क्यांच्या दरम्यान जाते.

स्थानिक गिऱ्हाइकाकडे आपण होऊन जायला हरकत नाही, फक्त त्याचा तो ट्रेडमार्क नसावा. ईमेल चार ओळींचा असावा, आणि ‘हे नाव तुमच्या स्पर्धकाने घेतले तर’ असली धमकीवजा वाक्ये त्यात नसावीत. ऐरोली किंवा वागळे इस्टेटमधल्या छोट्या स्टुडिओला एकरकमी दीड लाख जड जात असतील तर वर्षाच्या हप्त्यांवर किंवा भाड्याने नाव देता येते, मात्र शेवटचा हप्ता येईपर्यंत नाव आपल्याच खात्यात ठेवावे.

पैशांच्या बाबतीत ओळख कितीही जुनी असली तरी रीत मोडू नये. परदेशी व्यवहार एस्क्रोमार्फत, म्हणजे मधल्या काळात पैसे सांभाळणाऱ्या त्रयस्थामार्फत, करावा, पैसे एस्क्रोकडे जमा झाल्याची खात्री तिथल्या आपल्या खात्यात शिरून करावी, नुसत्या ईमेलवर विश्वास ठेवू नये, आणि त्यानंतरच नाव हलवायला लागणारा ऑथ कोड द्यावा. स्थानिक व्यवहारात लेखी करार, बँकेतून रक्कम आणि मग त्याच रजिस्ट्रारमधील दुसऱ्या खात्यात नाव ढकलणे एवढे पुरते. नवख्यांना गाठणारे दोन ठराविक सापळे आहेत. पहिल्यात भरघोस ऑफर देणारा ‘खरेदीदार’ आधी एका विशिष्ट ठिकाणाहून मूल्यांकनाचे प्रमाणपत्र घ्यायला सांगतो, आणि त्या प्रमाणपत्राची फी हाच त्याचा धंदा असतो. दुसऱ्यात चीनमधली एखादी कंपनी तुमचा शब्द नोंदवत असल्याचा तातडीचा ईमेल येतो. दोन्ही पुसून टाकावेत.

परदेशातून रक्कम आली की बँक त्याचे कारण विचारते, तेव्हा करार आणि बिल हाताशी असावे आणि रक्कम आल्याचा दाखला बँकेकडून मागून घ्यावा. अमेरिकी बाजारपेठा आपण तिथले करदाते नाही हे सांगणारा डब्ल्यू-८बेन हा अर्ज भरून घेतात. वर्षाला चार-पाच नावांची खरेदी-विक्री होऊ लागली तर ते व्यवसायाचे उत्पन्न की भांडवली नफा हा प्रश्न उभा राहतो. तो विवरणपत्र भरायच्या शेवटच्या आठवड्यात न काढता सुरुवातीलाच सीएसमोर ठेवावा. रिन्यूअलची प्रत्येक पावती जपली तर खर्च दाखवता येतो, आणि बहुतेकांच्या बाबतीत विक्रीपेक्षा पावत्याच जास्त असतात.

आठवी पायरी : सोडून देण्याची तारीख

प्रत्येक नावापुढे घेतानाच एक तारीख लिहावी, साधारण तिसऱ्या रिन्यूअलच्या एक महिना आधीची. त्या दिवशी तीन नोंदी पाहाव्यात : आतापर्यंत खरी चौकशी किती आली, कागदावरच्या दहा कंपन्यांपैकी किती अजून त्याच धंद्यात आहेत, आणि नोकरीच्या जाहिरातींत तो शब्द अजून दिसतो का. तिन्हींचे उत्तर निराशाजनक असेल तर ऑटो-रिन्यू बंद करून ते नाव कमी किमतीत स्थानिक व्यावसायिकाला देऊ करावे. कोणी घेतले नाही तर मुदत संपू द्यावी. आतापर्यंत भरलेल्या रकमेकडे पाहून पुढची रक्कम भरू नये, कारण चौथ्या वर्षीच्या गिऱ्हाइकाला आपण पहिल्या तीन वर्षांत किती भरले याच्याशी काही देणेघेणे नसते. ‘व्हीआर’ अक्षरे असलेल्या नावांना ही तारीख एक वर्ष अलीकडे घ्यावी, आणि वॉकथ्रू, सिम्युलेटर, सेफ्टी ड्रिल यांसारख्या कामाच्या नावांना एक-दोन वर्षे जास्त द्यायला हरकत नाही.